गनीचाचांची फीत

या मजकुरात एका गावाचे नाव येणार नाही. बातमीची पहिली ओळ गावाच्या नावाने सुरू होते, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो आणि पुढे कधी मोडले नाही. इथे मोडतो आहे. धानोरा तालुक्यातले, डांबरी रस्ता संपल्यावर नाला ओलांडून जावे लागते असे ते गाव, एवढी ओळख पुरे. गनीचाचांना हे आवडले असते का? आमची ओळख झाली त्या दिवशी मुळीच आवडले नसते. शेवटी पाहिले त्या दिवशी त्यांनी होकारार्थी मान हलवली असती.

अब्दुल गनी शेख वडशाचे. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून त्यांची नोकरी झाली, तीही बहुतेक धानोऱ्याच्या बाजूला, जंगलाच्या गावांत. कचेरीत ‘शेख मोजणीवाले’, बाकी सगळीकडे गनीचाचा. अंगाने काटक, डोक्यावर पांढरी टोपी, उजव्या कानावर ब्लेडने तासलेली पेन्सिल, कमरेला कातडी डबीतली फीत. ही फीत त्यांची स्वतःची होती. सरकारी फीत ताणून ताणून लांब होते, असे त्यांचे मत होते. दर दोन महिन्यांनी ते स्वतःची फीत मोजणीच्या लोखंडी साखळीशी लावून पाहत.

चालताना त्यांचे ओठ हलत. नवख्या माणसाला वाटे, काही पुटपुटतात. ते पावले मोजत. पत्ता विचारला की उत्तर पावलांत येई. ‘‘टेशन? मशिदीपासून सहाशे चाळीस. पण माह्या पावलानं. तुमची टांग लांब हाये, तुम्हाले कमी पडतीन.’’ हिवाळ्यात वडशाला नाटकांचा हंगाम सुरू झाला की ते रात्रभर मंडपात बसत आणि सकाळी चहाच्या टपरीवर परीक्षण करीत. एकदा म्हणाले, ‘‘हिरोईन चांगली होती. वीस पावलं चालून मेली. पण स्टेज बारा पावलाचा हाये, भाऊ. म्हणजे मरता मरता वापस फिरली.’’

त्यांच्याजवळ खोडरबर नव्हते. मोजणीच्या कागदावर चुकलेला आकडा खोडायचा नसतो. त्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. हा कचेरीचा नियम. चाचांनी तो घरातही आणला होता. किराण्याच्या यादीत साखरेऐवजी गूळ आणायचा ठरला तर साखरेवर रेघ आणि खाली सही. ‘‘चूक बी दिसली पाहिजे,’’ ते म्हणत. ‘‘पुसली तर मागच्या माणसाले कसं समजन का आपण कुठी चुकलो?’’

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, त्या नाव न घेण्याच्या गावाच्या शिवेवर. एका लाकूड व्यापाऱ्याने गावालगत जमीन घेतली होती आणि हद्दीचा दगड गावाकडे सरकतो आहे अशी तक्रार होती. मोजणीला बातमीदार येणार म्हणून व्यापाऱ्याने खुर्च्या मांडल्या होत्या. चाचा खुर्चीवर बसले नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी फीत टाकली, टिपण काढले आणि दगड जिथे असायला हवा तिथे काठी रोवली. ती जागा व्यापाऱ्याच्या कुंपणाच्या बरीच आत होती.

व्यापारी हसत म्हणाला, ‘‘चाचा, फीत जरा ढिली धरली का?’’

‘‘फीत ढिली धरली तर लांबी जास्त येते, शेठ. तुमचं अजून आत गेलं असतं. धरू का ढिली?’’

गावकरी हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो रैनू पदा. गोंड समाजाचा, चाचांच्याच वयाचा, ठेंगणा, बोलण्याआधी समोरच्याकडे दोन क्षण पाहणारा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पण कुठला आकडा एकदा ऐकला की तो विसरत नसे. त्या दिवशीपासून तो चाचांना ‘मोजणीभाऊ’ म्हणू लागला.

हद्दीची रेघ गावाच्या मागे मोहाच्या झाडांत शिरत होती. तिथे दगड होते. गावात कोणी मेले की त्याच्या नावाने एक उभा दगड गाडायचा, अशी तिथली रीत. बारा-तेरा दगड, काही गुडघ्याएवढे, काही माणसाहून उंच. फीत त्यांच्यामधून न्यावी लागणार होती. चाचांनी चपला काढल्या, रैनूकडे पाहिले आणि विचारले, ‘‘जाऊ का?’’ रैनू आत गेला, दगडांपाशी काहीतरी बोलला आणि परत येऊन म्हणाला, ‘‘ये.’’

काम झाल्यावर रैनूने एका उंच दगडावर हात ठेवला. ‘‘हा माह्या बाबाचा. मोजतं का?’’

चाचांनी कारण विचारले नाही. मोजला. जमिनीपासून टोकापर्यंत सहा फूट. कारण रैनूनेच सांगितले. मेलेला माणूस खुशीत असला, घरच्यांवर राजी असला, तर त्याचा दगड वाढतो. नाराज असला तर कमी होतो. गावात हे सगळ्यांना ठाऊक होते, पण फितीने कोणी मोजले नव्हते.

पुढच्या वर्षी धान घरात आल्यावर रैनूचा निरोप आला. चाचा गेले. दगड सहा फूट आणि एक नख भरला. रैनूने गावाला जेवण दिले. तेव्हापासून दर वर्षी ते एका ठरलेल्या दिवशी जात, चपला काढत, मोजत, आकडा सांगत. निवृत्तीनंतरही त्यात खंड पडला नाही. काही वर्षांत तो दगड सहा फूट दोन इंच झाला.

एका वर्षी मी त्यांना मोटारसायकलवरून घेऊन गेलो होतो. परतताना म्हणालो, ‘‘चाचा, तिथे उतार आहे. पावसाने बुडाची माती वाहून जाते. दगड उघडा पडतो.’’

‘‘मले का दिसत नाई का?’’

‘‘मग सांगत का नाही?’’

मागच्या सीटवरून ते म्हणाले, ‘‘मोजणीदाराले आकडा विचारतात, भाऊ. कारण नाई विचारत.’’

त्या वेळी मला हे उत्तर फार आवडले होते. मी ते डायरीत लिहून ठेवले.

त्यांची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. तिच्यात जागांची नावे होती. डोह, टेकडी, वाटेवरचा खडक, तळ्याचा बांध, एकेकटे झाड. नकाशावर गावाचे नाव असते, पण गावातल्या जागांची नसतात, आणि ती ठाऊक असलेली म्हातारी माणसे एकेक करून जात आहेत, ही त्यांची खंत होती. प्रत्येक नावासमोर ते सांगणाऱ्याचे नाव आणि जवळच्या खुणेपासूनची पावले लिहीत. लिहिण्याआधी विचारत. दगडांच्या जागेलाही गोंडीत नाव होते. ते सांगायला रैनूने तीन वर्षे घेतली. चाचांनी विचारले, ‘‘लिवू का?’’ रैनूने वहीकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘लिव. तुह्या वहीत राहीन.’’

पुढे जे झाले ते या वाक्यावरून झाले.

दोन हजार सालानंतर वडशाला स्टेशनच्या बाजूला एका एसटीडी बूथमध्ये तीन कॉम्प्युटर आले. चालवणाऱ्या मेश्राम बाई. नवरा वारल्यावर त्यांनी फोनचा धंदा सांभाळला आणि फोनचे दिवस संपत आलेले पाहून इंटरनेट घेतले. नागपूरच्या आमच्या कार्यालयात एकाने मला सांगितले होते की परदेशातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंग्रजांच्या काळातले जुने नकाशे इंटरनेटवर टाकले आहेत. मी पत्ता चिठ्ठीवर लिहून आणला आणि चाचांना दिला.

ते पहिल्यांदा कॉम्प्युटरसमोर बसले तेव्हा मी शेजारी होतो. नकाशा वरून खाली, पट्टीपट्टीने उघडत होता. वीज जाईल म्हणून बाई दाराकडे बघत होत्या. आधी डोंगराच्या रेघा आल्या, मग नाला, मग गावाचे नाव, इंग्रजीत आणि चुकीचे. चाचांनी कानावरची पेन्सिल काढली.

‘‘ओ चाचा, काचेवर लिवू नोका!’’ बाई ओरडल्या.

‘‘लिवून नाई राह्यलो, बाई. मोजून राह्यलो.’’ त्यांनी पेन्सिलीचे टोक हवेत धरून नाल्याची वळणे मोजली. मग म्हणाले, ‘‘हा साहेब उन्हाळ्यात आलता. नाल्यात पाणी नाई दाखवलं. पण वळणं बरोबर हायेत. सगळी, सातच्या सात.’’ टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी मोजणीदाराला त्यांनी दिलेली ती दाद होती.

नंतर ते रोज दुपारी येऊ लागले. जुनी गॅझेटियरे, शिरगणतीचे अहवाल, काही पाने उलटी छापलेली, ती मान वाकडी करून वाचत. मग आकाशातून काढलेली चित्रे आली. जंगल हिरवे नव्हते, काळे होते. त्यात त्यांनी गाव ओळखले, तळे ओळखले, मोहाच्या झाडांमधली ती मोकळी जागा ओळखली. आणि मग त्यांना ती साइट सापडली, जिथे नकाशावर कोणालाही जागेचे नाव लिहिता येत होते.

वही बाहेर आली. चाचा सांगत, बाई टाइप करीत. गिऱ्हाईक नसले की हा कार्यक्रम चाले.

‘‘लिवा, वाघाचा डोह.’’

‘‘वाघ हाये का तिथी?’’

‘‘नाई. डोह बी नाई आता. नाव हाये.’’

‘‘मंग काऊन लिवता?’’

‘‘त्याच्याचसाठी तं लिवतो, बाई.’’

वर्षभरात वहीतली बहुतेक नावे नकाशावर गेली. प्रत्येक नावासोबत दोन ओळी: जागा कशी आहे, कुठल्या खुणेपासून किती पावले. दगडांची जागाही गेली. तिथे त्यांनी दगडांची संख्या लिहिली, सर्वांत उंच दगडाची उंची लिहिली, नाल्यापासूनची पावले लिहिली. आणि एका गॅझेटियरवरून अंदाज बांधून पुढे जोडले: ‘गोंड राजांच्या काळापासूनचे असावेत.’ आयुष्यात त्यांनी मोजल्याशिवाय लिहिलेले हे बहुधा एकच वाक्य.

लिहिण्याआधी त्यांनी रैनूला पुन्हा विचारले नाही. परवानगी होतीच, असे त्यांना वाटले. ही त्यांच्या लेखी त्याच वहीची मोठी प्रत होती. कचेरीतल्या मूळ टिपणाची नक्कल काढावी, तशी.

मी त्यावर अर्धा कॉलम लिहिला. निवृत्त मोजणीदार जंगलातल्या जागांची नावे इंटरनेटवर जपतो. बातमीत साइटचा पत्ता होता आणि गावाचे नाव होते. कात्रण मेश्राम बाईंनी टेबलाच्या काचेखाली लावले.

आमच्या भागात गुप्तधन शोधणारे लोक आहेत, हे मला ठाऊक होते. जुनी देवळे, ओसाड गढ्या, किल्ल्यांचे बुरूज त्यांनी खणल्याच्या बातम्या मी स्वतः दिल्या होत्या. जुन्या दगडाखाली राजाने सोने पुरले आहे, असे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. फक्त दगड कुठे आहे, एवढेच सांगावे लागते.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. मला तो मेश्राम बाईंनी सांगितला आणि नंतर चाचांनी. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

पावसाळा संपत आला होता. दुपारची वेळ. चाचा नेहमीच्या जागी होते. रैनू दारात उभा राहिला. तो वडशाला कधी आला नव्हता. एसटी बदलत, चाचांचे घर विचारत, तिथून इथवर आला होता. बाईंनी स्टूल दिले. तो बसला नाही. सदऱ्याच्या आतून त्याने घडी केलेला कागद काढला, चिखलाने माखलेला.

‘‘दगडापाशी खड्डे केले कोणीतरी,’’ तो म्हणाला. ‘‘जीप आलती. लिंबं, कुंकू, कोंबडा कापलेला. सगळे दगड पाडले. बाबाचा बी पाडला. खाली पार माणूसभर खंदलं. का होतं तिथी? माती होती.’’

चाचा उठून उभे राहिले.

‘‘हा कागद खड्ड्यात भेटला. नकाशा हाये असं वाटते. तू नकाशा वाचतं, मोजणीभाऊ, म्हणून तुह्यापाशी आणला. हे कोणाचं हाये, सांग. पोलिसात देतो.’’

चाचांनी कागद उघडला. प्रिंटरवर काढलेले पान होते. काळे जंगल, त्यात एक खूण, खुणेखाली दोन ओळी. नाल्यापासूनची पावले. दगडांची संख्या. सहा फूट दोन इंच.

बाई म्हणाल्या, ‘‘मले वाटलं आता काहीतरी बोलतीन. माहीत नाई म्हणतीन. त्याले का वाचता येत होतं? मी बी काही बोलली नसती.’’

चाचा म्हणाले, ‘‘माहं हाये, रैनूभाऊ.’’

रैनूला आधी समजले नाही. ‘‘तुहं म्हणजे?’’

‘‘मी लिवलं. पावलं माही हायेत. वहीतलं इथी टाकलं मी.’’ त्यांनी कॉम्प्युटरकडे हात केला.

रैनूने कॉम्प्युटरकडे पाहिले, मग चाचांकडे, नेहमीसारखे दोन क्षण. ‘‘मी वहीत लिव म्हटलं होतं,’’ तो म्हणाला. कागद त्याने मागितला नाही. उन्हात उतरून तो स्टँडकडे चालू लागला. चाचा त्याच्यामागे गेले नाहीत. बाईंनी पाहिले, त्यांचे ओठ हलत नव्हते.

मी आठवड्याने गेलो तेव्हा ते ती खूण काढण्याच्या खटपटीत होते. ‘‘इथी रेघ मारता येत नाई, भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘मी विचारलं बाईले, चूक झाली असं लिवून सही करता येते का? नाई येत. एक तं राहते, नाई तं नसते.’’ शेवटी बाईंनी बटण दाबले. खूण गेली. आयुष्यात पहिल्यांदा चाचांनी काही पुसले. चार दिवसांनी तीच खूण दुसऱ्या साइटवर दिसली, त्याच दोन ओळींसह, खाली कोणा दुसऱ्याचे नाव. तिथे त्यांनी बाईंकडून विनंती लिहवून घेतली. उत्तर आले नाही. तिसरीकडेही सापडली. महिनाभर ते रोज येऊन शोधत राहिले. मग एक दिवस म्हणाले, ‘‘बाई, बंद करा,’’ आणि पुन्हा त्या दुकानात आले नाहीत. काचेखालचे कात्रण बाईंनी काढले. मी त्यांना काढायला सांगितले नव्हते. मी सांगायला हवे होते.

पोलिसांत तक्रार झाली. चाचांनी जबाबात स्वतःचे नाव आधी लिहवले. पकडले कोणी गेले नाही.

हिवाळा आला. धान घरात आले. निरोप आला नाही. ठरलेला दिवस मात्र चाचांना पाठ होता. आदल्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. ‘‘न्याल का?’’ एवढेच विचारले. वही आणि फीत पिशवीत होती.

आम्ही मोटारसायकलवरून नाल्यापर्यंत गेलो. पाणी घोट्याएवढे होते. पलीकडे दोन माणसे उभी होती. त्यांनी हात वर केला, थांबा अशा अर्थाने. आम्ही थांबलो. चाचांनी चपला काढल्या आणि अलीकडच्या वाळूत उभे राहिले. त्यांचे वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

बऱ्याच वेळाने रैनू आला. पाण्यातून अलीकडे आला, पण वाळूवर चढला नाही.

‘‘दगड उभे केले,’’ तो म्हणाला.

‘‘ऐकलं.’’ चाचांनी पिशवीतून वही काढून पुढे धरली. ‘‘हे तुह्यापाशी ठेव. जाळ पाहिजे तं.’’

रैनूने वहीला हात लावला नाही. ‘‘वहीनं का केलं? राहू दे तुह्यापाशी.’’ मग म्हणाला, ‘‘तुले आत नेता येत नाई. गाव नाई म्हणते. मी बी नाई म्हणतो.’’

चाचांनी मान हलवली.

‘‘फीत दे.’’

चाचांनी डबी त्याच्या हातात दिली. रैनू नाला ओलांडून झाडांत दिसेनासा झाला. आम्ही उभे राहिलो. पलीकडची माणसे तशीच होती. चाचा पाण्याकडे बघत होते.

रैनू परत आला तो सावकाश, दोन्ही हात समोर धरून. फीत डबीबाहेर मोकळी लोंबत होती, तिचे टोक पाण्यातून ओढले जात होते. एका जागी त्याने ती चिमटीत धरली होती आणि अंगठा फितीवर दाबून ठेवला होता. त्याला आकडे वाचता येत नव्हते. दगडाच्या टोकाशी फीत जिथे आली, तिथे अंगठा ठेवून तो तसाच चालत आला होता, सगळी पावले.

त्याने हात पुढे केला. ‘‘किती?’’

चाचा वाकले. फितीला हात न लावता त्यांनी अंगठ्याच्या कडेचा आकडा वाचला. मग पुन्हा वाचला.

‘‘पाच फूट दहा.’’

‘‘मागच्या खेपेले सहा दोन होता.’’

‘‘हो.’’

‘‘कमी झाला.’’

खणलेली माती भुसभुशीत असते. पुन्हा पडू नये म्हणून दगड आधीपेक्षा खोल गाडावा लागतो. हे मला समजत होते, तर चाचांना समजत नव्हते असे म्हणता येणार नाही. चार इंचांचा हिशेब एका वाक्यात सांगता आला असता. पण इतकी वर्षे तो दगड नखानखाने वाढत होता तेव्हा त्यांनी मातीचे कारण सांगितले नव्हते. रैनूने गावाला जेवण दिले होते, ते जेवले होते. रैनू त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मी चाचांकडे पाहिले.

‘‘हो, रैनूभाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘कमी झाला.’’

रैनूने अंगठा उचलला. फीत चाचांच्या हातात दिली आणि तो परत गेला. पाणी ओलांडताना त्याने मागे पाहिले नाही.

त्यानंतर माझी बदली झाली. चाचा गेल्याचे मला मेश्राम बाईंनी फोनवर कळवले. तोवर दफन होऊन चार दिवस झाले होते. त्यांचा चेहरा आठवायला गेलो की मला नाल्यावरून परततानाचा रस्ता आठवतो. ते मागे बसले होते. फीत त्यांनी डबीत गुंडाळली नव्हती. तिच्यावर पाच फूट दहाच्या आकड्यापाशी ओल्या मातीचा अंगठा उमटला होता. तो पुसला जाऊ नये म्हणून धानोरा येईपर्यंत त्यांनी ती फीत दोन्ही हातांत ताणून धरली होती, वाऱ्यात, उघडी, आणि आधाराला मला कुठेही धरले नव्हते.